सावकाश चालणाऱ्या इंजिनाचे शिकलगार सर

श्री. इस्माईल शिकलगार सरांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथासाठी लेख द्यावा, असे समितीने मला दोनदा कळवले आणि दोन्ही वेळा मी नकार दिला. स्तुती करणे मला जमत नाही आणि सरांना ती ऐकून घेणे जमत नाही. पण गेल्या आठवड्यात समितीचे छापील पत्रक घरी आले. त्यात सरांचा परिचय असा दिला आहे : ‘मुलींना खेळण्यातल्या आगगाड्या करून रमवणारे आणि शिलाई वर्गासाठी आपली कार्यशाळेची खोली आनंदाने सोडून देणारे उदार शिक्षक.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या गाड्या खेळण्यातल्या नव्हत्या. आणि खोली सरांनी आनंदाने सोडली नाही. ती कशी गेली, हे शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी समोर उभी राहून पाहिले आहे. चुकीचे वाक्य एकदा ग्रंथात गेले की पुढे तेच खरे ठरते. म्हणून लिहिते आहे.

सरांची व माझी पहिली भेट सांगलीच्या आमच्या मुलींच्या शाळेत, जूनमधल्या एका सकाळी झाली. ते संस्थेच्या साताऱ्याच्या शाळेतून बदलून आले होते. मी संस्थेकडे गणित व विज्ञान शिकवणारा अनुभवी शिक्षक मागितला होता. फाटकाशी टांगा थांबला. टांगेवाला आणि आमचा शिपाई यांनी मिळून एक पत्र्याची ट्रंक उतरवली आणि पहिल्याच पायरीवर टेकवून दोघेही कमरेला हात लावून उभे राहिले.

“एवढी पुस्तकं आणलीत, सर?” मी विचारले.

“पुस्तकं पिशवीत आहेत, बाई. ट्रंकेत शिसं आहे.”

“शिसं कशासाठी?”

“इंजिन हलकं असलं की ओढत नाही.”

टांगेवाला म्हणाला, “आवं मास्तर, आदी सांगायचं न्हाई व्हय? घोड्याला तरी सांगितलं असतं!”

सर हसले नाहीत. त्यांनी खाली उतरून घोड्याच्या मानेवर हात फिरवला आणि टांगेवाल्याला म्हणाले, “खरं आहे. सांगायला हवं होतं.” माणसाची पारख पहिल्या भेटीत करू नये असे मी माझ्या शिक्षकांना सांगत असते. त्या दिवशी मी ती केली, आणि पुढे ती बदलावी लागली नाही.

सरांचे वडील कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात कात्र्या-विळ्यांना धार लावीत. सर बी.एस्सी. झाले ते त्या दगडाशेजारी बसून अभ्यास करून. वडिलांचे एक सांगणे ते नेहमी काढीत : दगड जोरात फिरवला की पोलाद तापते आणि धारेचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते. मुलींना ते म्हणत, “माझं निम्मं भौतिकशास्त्र या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं मी पुस्तकातून शिकलो.”

त्या सुमारास शाळांमध्ये कार्यानुभव हा विषय सुरू झाला होता. मुलींच्या शाळांनी त्याचा अर्थ शिवण, विणकाम आणि खडू तयार करणे एवढाच घेतला. शिवणकामाला माझा विरोध कधीच नव्हता. त्याचा वर्ग आमच्याकडे वरच्या मजल्यावर आधीपासून भरत होता. पण मी स्वतः कॉलेजात असताना प्रयोगशाळेतल्या मुलींना पहिल्या बाकावर बसवीत आणि उपकरणाला हात लावू देत नसत. उपकरण मुलगा हाताळी आणि मुलगी निरीक्षणे लिहून घेई. ते मला विसरता आलेले नाही. म्हणून सरांनी नववीच्या मुलींकडून विजेवर चालणारे इंजिन करवून घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, “हात मुलींचे असतील ना?”

“माझं बोटही लागणार नाही,” ते म्हणाले. मागच्या अंगणाकडची रिकामी खोली मी त्यांना दिली.

ते इंजिन कसे होते हे सांगणे भाग आहे, कारण पत्रकातला ‘खेळणे’ हा शब्द त्यावाचून खोडता येत नाही. लांबी हातभर. आत मोटारगाडीच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या यंत्राची भंगारातून आणलेली मोटर. चाके मुलींनी कागदावर आखून दिली आणि कुपवाडच्या एका कारखान्यातून लेथवर काढून आणली. बाकी सर्व भाग मुलींनी कानशीने घासून केले. रूळ पितळी पट्टीचे, भिंतीलगतच्या लांब टेबलांवर ठोकलेले. त्या वर्षांत मिरजेकडचा अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आला होता आणि आगगाडी हा घरोघरचा विषय होता. मुलींना वाटले, आपले इंजिन भरधाव सुटेल.

सरांनी पहिल्याच दिवशी तो उत्साह मोडला. “पळणारं इंजिन बाजारात मिळतं. किल्ली दिली की पळतं आणि पलंगाखाली जाऊन उलटं पडतं. आपल्याला चालणारं करायचं आहे. मुंगीच्या चालीनं चाललं पाहिजे, थांबता कामा नये, आणि मागे ओझं असलं पाहिजे.”

शाळेच्या संमेलनात सायकल हळू चालवण्याची शर्यत असते, जो शेवटी पोचेल तो पहिला. सरांनी तशी इंजिनांची शर्यत लावली. तेव्हा मुलींना कळले की हळू जाणे हे किती अवघड काम आहे. वीज कमी केली की मोटर अडखळते, वाढवली की हिसका बसतो. रुळावर धुळीचा कण आला की क्षणभर वीज तुटते आणि इंजिन जागीच मरते. मुलींनी मोटर आणि चाके यांच्यामध्ये मळसूत्री दाते बसवले, म्हणजे मोटर भरभर फिरली तरी चाक सावकाश फिरे. दांड्यावर एक जड पितळी चकती चढवली, म्हणजे वीज तुटली तरी चकतीच्या फिरण्याने इंजिन तो कण ओलांडून जाई. हे सर्व त्यांनी चुकत चुकत केले. सर शेजारी उभे राहून हात मागे बांधीत.

मग ओझे. डबे विटांनी भरीत गेले की एका क्षणी मोटर फिरत राही, चाकेही फिरत राहत, पण गाडी हलत नसे. सरांनी विचारले, “मोटर दमली का?” कुंडलची शालन नावाची मुलगी पटकन म्हणाली, “न्हाई सर. चिखलात बैलाचे खूर घसरत्यात तसं झालंय. बैल जोरकस हाय, पण उसाची गाडी जाग्यावरच.” सर म्हणाले, “मग बैलाला काय करशील?” शालन म्हणाली, “खुराखाली कोरडी माती टाकीन.” सरांनी फळ्यावर काही लिहिले नाही. त्यांनी ट्रंक उघडून शिशाची एक वडी काढली आणि चाकांच्या बरोबर वर ठेवली. इंजिन निघाले. चाक रुळाला जितके दाबून धरील तितकेच इंजिन ओढील, ही गोष्ट त्या वर्गातल्या एकाही मुलीला पाठ करावी लागली नाही.

सरांचा माझ्यावर झालेला एक उपकारही इथेच नोंदवते. माझ्या आईला पक्षाघात झाला व ती अंथरुणाला खिळली. तिला उठवून टेकून बसवायला दोन माणसे लागत. सर एकदा समाचाराला आले, पलंगाकडे पाहत राहिले आणि पुढच्या रविवारी सामान घेऊन आले. पलंगाच्या उशाकडच्या फळीला त्यांनी तसेच मळसूत्र बसवले. हँडल फिरवले की ती फळी हळूहळू वर येई आणि हात सोडला तरी खाली पडत नसे. आई शेवटपर्यंत रोज संध्याकाळी बसून खिडकीबाहेर पाहू शकली. त्याविषयी मी आभार मानू लागले तेव्हा सर म्हणाले, “आजींना हिसका बसत नाही ना, तेवढं सांगा.”

आता खोलीविषयी.

संस्थेचे चिटणीस दादासाहेब हे कुंडलचे बागायतदार. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो या लेखाने कमी होऊ नये. शिलाई वर्ग वाढवायचा, यंत्रे आणखी आणायची आणि त्यासाठी मागची खोली घ्यायची असे संस्थेने ठरवत आणले होते. दादासाहेब पाहणीला आले, रुळांकडे पाहून म्हणाले, “आवं बाई, पोरींना आगगाडीचं काय करायचंय? शिवण आलं तर संसाराला उपयोगी पडंल.”

“शिवणाचा वर्ग वर आहे. तिथे जागा होईल. या कामाला दुसरी जागा नाही,” मी म्हटले.

“काम कसलं? खेळच की ह्यो.”

सर शांतपणे म्हणाले, “दादासाहेब, आपण ओझं ठरवा. मुली ओढून दाखवतील.”

दादासाहेबांना पैजेचे वावडे नव्हते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “बरं. गुळाची एक ढेप आणतो. ती मधल्या डब्यात. आन् शेवटच्या डब्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तुर न्यायचा. एक थेंब सांडला तर खोली आमची. न्हाई सांडला तर पुन्यांदा खोलीचं नाव काढणार न्हाई.”

ढेप म्हणजे ताकदीची परीक्षा आणि पेला म्हणजे संथपणाची. सरांचे दोन्ही शब्द त्यांनी एकाच पैजेत बांधले होते. सरांनी ती मान्य केली. दसऱ्यानंतर शाळा उघडेल त्या दिवशी पाहणी ठरली. मुलींनी ढेपेएवढ्या वजनाच्या विटा आणि पेला ठेवून सराव केला. सुटी लागेपर्यंत पेला सांडायचा थांबला होता.

ठरल्या दिवशी संस्थेची मंडळी आली. मुलींनी दाराशी रांगोळी काढली होती. दादासाहेबांनी ढेप स्वतः उचलून डब्यात ठेवली आणि पेला स्वतः भरला. शालनने वीज सुरू केली. मोटर फिरली. चाके फिरली. गाडी हलली नाही.

शालनने वीज थोडी वाढवली. चाके जोरात फिरू लागली. गाडी तिथेच.

“आवं सर,” दादासाहेब म्हणाले, “इंजिन जाग्यावर व्यायाम करतंय जनू!” मंडळी हसली.

सरांनी वीज बंद करवली. बोट रुळावरून फिरवले आणि नाकाशी नेले. खोबरेल तेल. रुळांच्या कडेला हळदी-कुंकवाची बोटे होती आणि झेंडूची एक पाकळी डब्याखाली अडकली होती. खंडेनवमीला मुली शाळेत येऊन, शिपायाकडून खोली उघडून घेऊन, पूजा करून गेल्या होत्या. आमच्याकडे या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार आणि यंत्र धुऊन-पुसून, तेल-कुंकू लावून पुजतात. ज्यांच्या घरी उसाचा चरक किंवा पाण्याचे इंजिन आहे त्या मुलींना हे सांगावे लागत नाही. त्यांनी आपल्या इंजिनाची पूजा केली आणि मायेने रूळही तेलाने चकचकीत केले. चाकाची सगळी पकड त्या तेलात गेली होती. शालनचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कळले होते.

दादासाहेबांनी विचारले, “काय झालं? कुणी काय केलं?”

“रूळ तपासणं माझं काम होतं,” सर म्हणाले. “सुटीनंतर मी ते तपासले नाहीत.” एवढेच. तेलाचा उल्लेख त्यांनी केला नाही, पूजेचाही केला नाही. मग ते मुलींकडे वळले. “बैलाचे खूर घसरतायत. काय करायचं?”

मग शालन दाराकडे धावली. तिने स्वागताची रांगोळी दोन्ही हातांनी गोळा केली आणि ओंजळ भरून आत आली. बाकीच्या मुलींना सांगावे लागले नाही. कुणी ओढणीच्या टोकाने तेल पुसले, कुणी रांगोळीच्या दगडी भुकटीने रूळ घासले. सर एवढेच म्हणाले, “भुकटी पूर्ण पुसा, नाहीतर वीज पोचणार नाही.”

दादासाहेबांनी आक्षेप घेतला नाही. सैन्यात रस्ता साफ करणे हा मोहिमेचाच भाग असतो, असे ते शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्याचे मी ऐकले.

इंजिन पुन्हा लावले. या वेळी चाके घसरली नाहीत. डब्यांमधल्या साखळ्या एकेक करून ताणल्या गेल्या आणि शेवटचा डबा कधी निघाला हे कळलेच नाही. पेल्यातले पाणी काठाच्या किंचित वर फुगलेले दिसत होते आणि तसेच राहिले. एवढी मोठी खोली, पण मोटरीच्या गुणगुणण्याखेरीज आवाज नव्हता. पुढे जाणारी गाडी पाहण्यासाठी मंडळी पाऊल पाऊल सरकत होती. मोठी माणसे इतक्या सावकाश चालताना मी अंत्ययात्रेखेरीज कधी पाहिली नव्हती.

गाडी दुसऱ्या टोकाला पोचली. शालनने वीज उतरवत आणली. इंजिन थांबले आणि मागचे डबे हलकेच एकमेकांना टेकले. टाळ्या पडल्या. मुली ओरडल्या. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “छान! छान!”

सर पेल्याजवळ वाकून उभे होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “थांबताना एक थेंब सांडला आहे. मागच्या बाजूने.”

पेल्याच्या मागून, भिंतीकडून, एक ओली रेघ डब्यावर उतरली होती. तिथे सरांशिवाय कुणी वाकून पाहिले नव्हते. मी सरांच्या जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हटले, “सर, कुणाला दिसलं नव्हतं.”

“मुलींना दिसेल, बाई. आत्ता नाही तर रूळ पुसताना. मग मी यांना उद्या काय शिकवू?”

दादासाहेबांनी टोपी सारखी केली. “अट म्हंजे अट,” ते म्हणाले आणि बाहेर गेले. त्याच आठवड्यात खोलीत शिलाई यंत्रे आली.

ही खोली आनंदाने दिलेली नव्हती. रूळ उचलताना सर एकदाही बोलले नाहीत. वर्ग सायकलींच्या छपराखाली गेला. तिथे वाऱ्याने धूळ येई आणि धुळीत सावकाश चालणारे इंजिन चालत नाही. चालते ते फक्त पळणारे. सरांनी ते करू दिले नाही. मुली कमी होत गेल्या. सर निवृत्त झाले तेव्हा वर्ग बंद पडला. शालन आज पदविकेच्या यंत्रशाखेत शिकते आहे, आणि तिच्यामागून आमच्या शाळेची एकही मुलगी त्या वाटेला गेलेली नाही. खोलीबरोबर काय गेले, ते हे.

ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना दाखवल्याशिवाय मी काही छापायला देत नाही. म्हणून इथवरचा लेख घेऊन मी दादासाहेबांकडे कुंडलला गेले. त्यांनी पडवीत बसून चष्मा लावून सगळा वाचला. मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, “बाई, ह्यात एक चूक हाय.”

“कोणती?”

“तुमी लिवलंय, सरांशिवाय कुणाला दिसलं न्हाई. त्यो थेंब मी बी बघितला व्हता. भिंतीला आरसा टांगलेला व्हता पोरींचा, त्यात दिसला. मी गप उभा व्हतो, ह्यो मास्तर सांगतो का बघू म्हणून.”

मी जरा कडक आवाजात विचारले, “मग त्यांनी सांगितल्यावर खोली का घेतलीत? तिथेच सोडायची होती.”

“अट माझी व्हती, बाई. चार लोकांम्होरं त्या माणसानं स्वताच्या तोंडानं हार कबूल केली. मी लगेच ‘ऱ्हाऊ द्या, खोली ठेवा’ म्हणलो असतो तर ते दान झालं असतं. त्येनी दान मागितलं नव्हतं.” त्यांनी चष्मा काढला. “पर खोली इतकी वर्सं ठिवून घ्यायला नको व्हती. पत्रकात ‘आनंदानं दिली’ असं लिवून आणलं, तवा मी वाचून सही केली. त्ये बरं न्हाई झालं. त्ये वाक्य खोडा. आन् खोलीचं मी बघतो.”

ग्रंथातल्या परिचयातून समितीने ते वाक्य खोडले आहे. दादासाहेबांनी आपल्या परीने खोलीचे पाहिले, ते खाली नोंदवले आहे. सरांना मी हे जाऊन सांगितले. त्यांनी विचारले, “खिडकी उत्तरेचीच आहे ना? उजेड तिकडूनच बरा.”

सरांना पुष्कळ वर्षे मिळोत. ती औषधांच्या बाटल्यांवाचून जावोत, डोळ्यांना बारीक दाते दिसत राहोत, आणि हात मागे बांधून उभे राहण्याचे बळ पायांत राहो. सत्कारात शाल-श्रीफळ नको असे त्यांनी समितीला कळवले आहे. समितीने ते मानावे.

नोंद : शाळेच्या मागच्या अंगणाकडची खोली संस्थेच्या चिटणिसांनी कार्यानुभव वर्गासाठी मुख्याध्यापिकेच्या ताब्यात दिली. शिलाई यंत्रे वरच्या मजल्यावर हलवली. खोलीसोबत दोन लांब टेबले, पितळी रूळ आणि मुलींनी केलेली इंजिने मिळाली. त्यांतले एक दुरुस्तीला आले आहे. कुलपाच्या दोन किल्ल्या. एक श्री. शिकलगार सरांनी घेतली. आठवड्यातून दोन दुपारी ते येणार आहेत. दुसरी नववीच्या मुलींकडे दिली.